आमची दुर्बीणवाली बाई

बातमी आली तेव्हा मी नववीच्या वर्गात फळ्यावर भिंगाची आकृती काढत होतो. एरवी कोणाचा फोन आला की शिपाई बोलवायला यायचा. त्या दिवशी मुख्याध्यापक स्वतः दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी चष्मा काढला, तेव्हाच मला काहीतरी कळलं. "वर्ध्याहून तुमच्या भाऊजींचा फोन होता... बाई गेल्या." मी मान हलवली. किरणांच्या दोन रेघा काढायच्या राहिल्या होत्या, त्या काढल्या, बाण दाखवले, आणि मग वर्गाबाहेर आलो. अर्धवट आकृती पोरांसमोर ठेवून जाणं बाईला आवडलं नसतं. पहाटे चहा घेता घेता तिच्या छातीत कळ आली आणि भाऊजी गाडी बोलवायला उठले तोवर सगळं आटोपलं होतं. साठी ओलांडलेली माझी बहीण डॉक्टर; तिच्या त्या दिवशीच्या तपासणीच्या यादीत तीन रोगी होते. ते उपाशीपोटी येऊन बाकावर बसले होते, आणि त्यांना बाई येणार नाहीत हे कसं सांगावं ते कोणाला सुचत नव्हतं.

आम्ही अल्लीपूरचे. घरी शेती, कापूस, ज्वारी, चार बैल. थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात, म्हणून ती मला बाई. माझ्यापेक्षा ती दहा वर्षांनी मोठी, आणि मला कडेवर घेऊन फिरवलं ते तिनंच. वडील शाळेत फारसे गेले नव्हते, पण पोरगी शिकायचं म्हणते तर शिकू द्यावं एवढं त्यांना पक्कं कळत होतं. "शिकते तं शिकू द्या. मले काऊन विचारता?" असं ते भावकीला सांगायचे आणि औताकडे निघून जायचे. नागपूरला ती डॉक्टर झाली, लग्न होऊन वर्ध्याला आली आणि तिथल्या एका रुग्णालयात पोटाच्या, तापाच्या रोग्यांत रमली. पुलगावच्या शाळेत मी विज्ञानाचा मास्तर म्हणून लागलो आणि जवळच नाचणगावला बिऱ्हाड केलं. सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जायचं, तिच्या हातचं जेवायचं आणि तिच्याशी वाद घालायचा, असं आमचं चालत आलं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. बाईची पन्नाशी उलटली होती. आता पेन्शनीचा हिशेब करायचा, देवधर्म पाहायचा, असं लोक म्हणतात त्या वयात एका रविवारी तिनं जेवताना जाहीर केलं, "मी मुंबईले शिकाले चालली." पोटात घालायची लवचीक दुर्बीण तेव्हा आपल्याकडच्या मोठ्या शहरांत नुकती येऊ लागली होती. त्याआधी होती ती लोखंडी सरळ नळी. रोग्याची मान मागे वाकवून ती घशातून घालायची. बाईनं ते पाहिलं होतं आणि तिला ते कधीच सोसलं नव्हतं. ही नवी दुर्बीण केसासारख्या हजारो काचतंतूंची जुडी होती. नळी वाकली की तिच्यातला उजेडही वाकायचा आणि पोटाच्या कानाकोपऱ्यात जाऊन पोचायचा. मी म्हटलं, "बाई, आता या वयात काय वसतिगृहात राहशील?" ती म्हणाली, "वय माहं झालं हाय बापू, रोग्याईचं नाई. त्याईले आताच पाह्यजे." ती गेली. तिला शिकवणारा डॉक्टर तिच्या मुलाच्या वयाचा होता. त्याला ती बिनदिक्कत 'सर' म्हणायची आणि त्याच्यामागे उभी राहून तासन्‌तास पाहायची. काही महिन्यांनी परत आली ती एक नवीनच खोड घेऊन. बोलता बोलता तिचा डावा अंगठा आपोआप हलायचा, पुढे, मागे, थोडा पुढे. दुर्बिणीचं टोक वळवायच्या चाकांवर तो अंगठा चालतो, आणि दुर्बीण यायला अजून वेळ होता म्हणून ती हवेतच सराव करत होती. भाजीवालीशी घासाघीस करतानासुद्धा!

दुर्बीण आली. रुग्णालयाच्या एका लहानशा खोलीच्या खिडक्यांना काळे पडदे लागले. आत पाहायला एकच छिद्र, त्याला एकच डोळा लावायचा. दुसरा मिटून मिटून बाईच्या डाव्या डोळ्याभोवती सुरकुत्यांचं दाट जाळं झालं आणि उजवा डोळा मात्र तरुण राहिला. त्यावरून मी तिला चिडवायचो. वीज जायची तेव्हा आतला उजेड एकदम मालवायचा. मग ती न घाबरता, रोग्याच्या खांद्यावर हात ठेवून नळी हळूहळू बाहेर काढायची, दिवे येईपर्यंत त्याच्याशी पऱ्हाटीच्या बोंडअळीबद्दल बोलायची आणि पुन्हा सुरू करायची. गावोगाव तिचं नाव झालं, 'दुर्बीणवाली बाई'. माझ्या आग्रहावरून ती एकदा आमच्या शाळेतही आली. वर्गात अंधार करून तिनं भोक पाडलेल्या डब्यातून पाण्याची धार सोडली, मागून बॅटरी लावली, आणि उजेड धारेबरोबर वाकून खाली आला. पोरं ओरडलीच. त्या वर्गात नाचणगावची शकुंतला होती. तिनं घरी जाऊन आईला सगळं सांगितलं, आणि म्हणूनच पुढची गोष्ट घडली.

शकुंतलेची धाकटी बहीण मंगला, सात वर्षांची. तिची आई कमलाबाई घरीच कपड्यांचा साबण करायची. त्यासाठी कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवून ठेवावा लागतो. चिनी मातीच्या कपात ठेवलेलं ते पाणी उन्हातून खेळून आलेल्या मंगलीनं साधं पाणी समजून तोंडाला लावलं. जीव वाचला. पण अन्ननलिका आतून भाजली होती, आणि जखम भरता भरता ती आवळत गेली. आधी भाकर उतरेना, मग भात, मग दूध. शेवटी शेवटी थुंकीसुद्धा कशीबशी उतरायची. सर्जननी पोटाला भोक पाडून नळी बसवली, आणि पेज, दूध त्या नळीतून जाऊ लागलं. पोर जगत होती, पण जेवत नव्हती. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा घरची सगळी जेवायला बसली होती. मंगली भिंतीशी बसून भाकरीचा तुकडा चावत होती, चावून चावून पार मऊ करत होती आणि मग वाटीत थुंकत होती. "चव घेते, गुरुजी," कमलाबाई खाली मान घालून म्हणाली. "माह्याच हातानं ठेवला व्हता तो कप..." मग तिनं विचारलं, "शकू सांगत व्हती, तुमची बहीण आतमंदी उजेड नेते म्हणून. माह्या मंगलीच्या नरड्यात पाहाता येईन काय?"

मी दोघींना घेऊन वर्ध्याला गेलो. पोरीला भूल देऊन बाईनं दुर्बीण घातली. त्या दुर्बिणीला शिकणाऱ्यांसाठी आणखी एक फाटा जोडता यायचा, दुसऱ्या माणसालाही पाहता यावं म्हणून. बाईनं मला खुणेनं बोलावलं. मी डोळा लावला. गुलाबी ओलसर बोगदा, आणि त्याच्या तोंडाशी पांढरी चिवट भिंत. भिंतीत एका बाजूला टाचणीच्या टोकाएवढं भोक. बाईनं दुर्बिणीतून बारीक तार पुढे सरकवली. भोकातून तार गेली असती, तर तिच्यावरून एकापेक्षा एक जाड सळया घालून वाट रुंद करता आली असती. तार भोकाशी जायची आणि वाकायची. बाईनं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा वाकली. तिनं तार ओढून घेतली आणि दुर्बीण बाहेर काढली. "लोटली असती तं गेलीही असती," हात धुताना ती मला म्हणाली, "अन् नळी फाटली असती तं पोरगी हातची गेली असती."

रुग्णालयातले सर्जन डॉ. काळे मोठे सज्जन आणि सावध. त्यांचं म्हणणं, मुलीला मुंबईला पाठवावं. तिथे मोठ्या आतड्याचा तुकडा छातीतून वर आणून नवी अन्ननलिका करतात. पण मंगली काडी झाली होती, आणि इतकं मोठं ऑपरेशन तिला सोसेल असं खुद्द काळ्यांनाही छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. बाईनं त्यांच्याकडे थोडी मुदत मागितली. ती दोन दिवस घरात पुस्तकं उघडून बसली, आणि तिला हवं ते नव्या पुस्तकांत नाही, एका जुन्या पुस्तकात मिळालं. दुर्बिणी नव्हत्या त्या काळात डॉक्टर रोग्याला दोरा गिळायला लावत. तार आडदांड असते, ढकलली तशी जाते. दोरा मात्र पाण्याबरोबर, आवंढ्याबरोबर आपली वाट आपण शोधतो. तो पोटात पोचला की पोटाच्या भोकातून त्याचं टोक बाहेर काढायचं, आणि मग त्या दोऱ्याला बांधून रबरी सळया ओढायच्या. जुनी, वेळखाऊ, जवळजवळ विसरलेली रीत. काळे म्हणाले, "बाई, तुम्ही नवी दुर्बीण शिकून आलात, आणि आता दोरा?" बाई हसली. "दुर्बिणीनंच सांगतलं नं सर, का तार जात नाई म्हणून."

पण सात वर्षांच्या पोरीला दोरा गिळायला लावायचा कसा? दोरा जिभेवर आला की तिला उमासे यायचे. ती रडायची, थुंकून टाकायची. त्या दुपारी मी तिथेच होतो. बाई कोट काढून मंगलीच्या खाटेवर मांडी घालून बसली. टाके घालायच्या रेशमी दोऱ्याच्या टोकाला तिनं एक बारीकशी गाठ मारली आणि ती पोरीच्या तळहातावर ठेवली.

"हे काय हाय, सांग बरं?"

"गाठ."

"गाठ नाई वं, मुंगी हाय. तिले माह्या गावाले जायचं हाय, अल्लीपूरले. तुह्या नाचणगावाहून निंगाली. पण तिले वाट सापडून नाई राह्यली. तू घोटभर पाणी दिलं का थे एक पाऊल चालते."

मंगलीनं गाठीकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. चमच्यानं पाणी, एक आवंढा. पुन्हा पाणी, पुन्हा आवंढा. गालावर चिकटवलेल्या दोऱ्याचा ढिला पदर केसाएवढा आत सरकला.

"कुठं पोचली?" बाई विचारायची.

तोंडात दोरा असल्यानं नीट बोलता येत नव्हतं तरी पोर बोबडं म्हणायची, "घलीच हाय अजून."

ती दुपार अशीच गेली. मुंगी वाटेतल्या देवळीला पोचली तेव्हा मंगली हसली. मध्येच तिला जोराचा उमासा आला आणि सगळा दोरा बाहेर पडतो की काय असं वाटलं... बाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "थांबली थे. बाभयीखाली बसली. बसू दे." पोर शांत झाली. काही वेळानं तिनंच पाण्यासाठी चमच्याकडे बोट दाखवलं. संध्याकाळी दोरा गालाला पक्का चिकटवून ठेवला. दुसऱ्या दिवशी काळ्यांनी पोटाच्या भोकातून पाणी आत सोडलं आणि परत बाहेर घेतलं, आणि त्या पाण्याबरोबर काळ्या रेशमाचा एक वेढा बाहेर आला! काळ्यांनी तो चिमट्यात धरला आणि ते बाईकडे पाहतच राहिले. मंगलीनं विचारलं, "पोचली?" बाईनं तो काळा वेढा तिला दाखवला. "पोचली माय. अल्लीपूरले पोचली."

खरं काम तिथून पुढे सुरू झालं. दोऱ्याला बांधलेली पहिली रबरी सळई उदबत्तीच्या काडीएवढी होती. ती ओढताना बाईचे डोळे सळईवर नसायचे, पोरीच्या चेहऱ्यावर असायचे. आठवड्याला एकदा कमलाबाई मंगलीला घेऊन यायची, गालावर दोरा चिकटवलेला, पदराखाली झाकलेला. एस.टी.तले लोक विचारायचे तेव्हा मंगलीच सांगायची, "मुंगीचा रस्ता हाय." सळया हळूहळू जाड होत गेल्या. आणि एका दिवशी, सगळं नीट चाललंय असं वाटत असताना, सळई ओढल्यानंतर पोरीला ताप भरला आणि छातीत दुखू लागलं. अन्ननलिका फाटली असावी, ही धास्ती. एक्स-रे झाले, वरून काहीही द्यायचं बंद झालं. त्या दिवसांत बाईला मी पहिल्यांदा खचलेली पाहिली. रुग्णालयाच्या व्हरांड्यात ती मला म्हणाली, "बापू, मी हट्ट तं नाई करून राह्यली? मुंबईले पाठवली असती तं..." पुढे एक्स-रेत दिसलं, फाटलं नव्हतं, सूज होती. ताप उतरला. पण काळ्यांनी आता थांबावं म्हणून सुचवलं, आणि बाईनंही कमलाबाईला बोलावून सगळं जसंच्या तसं सांगितलं. धोका काय होता, पुन्हा काय होऊ शकतं, मुंबईचा मार्ग अजून कसा मोकळा आहे. काहीही लपवलं नाही. कमलाबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "डॉक्टरीणबाई, काल पोरीनं चमचाभर दूध तोंडानं घेतलं. ताप उतरला अन् मांगून घेतलं. तुमच्या हाताले यश हाय. तुमी थांबू नोका." बाई महिनाभर थांबली आणि मग पुन्हा उदबत्तीच्या काडीपासून सुरुवात केली.

वर्ष उलटलं. वाट इतकी झाली की एके दिवशी दुर्बीणच त्यातून खाली उतरली. जिथे पांढरी भिंत होती तिथून ती सरळ पोटात गेली. बाईनं काळ्यांना पाहायला लावलं, मला पाहायला लावलं, आणि मग दाराबाहेर उभ्या कमलाबाईला आत बोलावलं. दुसऱ्या फाट्याला तिचा डोळा लावून दिला. कमलाबाई बराच वेळ पाहत राहिली. "हे... माह्या मंगलीचं पोट?" "हो." "आतून तं गुलाबाच्या पाकळीवानी हाय वं माय..." आणि ती खाली बसून रडू लागली. एवढ्या दिवसांत ती आमच्यासमोर एकदाही रडली नव्हती. त्या आठवड्यात मंगलीनं दुधात कुस्करलेली भाकर तोंडानं खाल्ली. ती भाकर बाईनं स्वतःच्या हातानं थापून नेली होती. वाकडीतिकडी झाली होती, कारण भाकरी बाईला कधीच नीट जमल्या नाहीत. पुढे पोटाची नळी निघाली, भोक भरून आलं, आणि बाईकडे येणं आठवड्यावरून महिन्यावर, महिन्यावरून वर्षावर गेलं.

मुंबईला पोटाच्या डॉक्टरांची एक परिषद भरली होती, तिथे बाईला बोलायला बोलावलं. मी मुद्दाम बरोबर गेलो आणि मागच्या रांगेत जाऊन बसलो. व्यासपीठावर सगळे कोट-टायवाले, आणि त्यांच्यात माझी बहीण, सुती नऊवारी सोडून कधीचीच पाचवारीत आलेली, पण पदर तसाच कमरेला खोचलेला. तिनं दुर्बिणीची चित्रं दाखवली, दोऱ्याची गोष्ट सांगितली, आलेल्या तापाचंही सांगितलं. 'तेव्हा मी घाबरले होते,' असं भर सभेत म्हणाली. तिला शिकवणारे ते तरुण 'सर' पुढच्या रांगेत होते. बोलणं संपल्यावर ते उठले, व्यासपीठाशी गेले आणि वाकून तिच्या पाया पडले. मला वाटलं, शेजारच्याला सांगावं, ही माझी बहीण आहे. मी सांगितलंही. त्यानं विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. लगेच दुसऱ्या बाजूच्यालाही सांगितलं.

त्यानंतर सहासात वर्षं तिनं काम केलं. रक्ताच्या उलट्या होणाऱ्यांच्या फुगलेल्या शिरांत दुर्बिणीतून इंजेक्शन देऊन रक्त थांबवायची रीत आली, तीही ती शिकली. पुन्हा मुंबईला जाऊन, पुन्हा कोणाच्या तरी मागे उभी राहून. दोन तरुण डॉक्टर तिनं तयार केले. शेवटच्या काळात ती मुख्य डोळा त्यांना द्यायची आणि स्वतः फाट्याला डोळा लावून बसायची. "आता तुमी पाहा. मी निस्ती सोबतीले हाय," असं म्हणायची. तीन रोगी बाकावर बसले होते म्हणून मी सुरुवातीला लिहिलं, त्यांची तपासणी त्यातल्याच एका डॉक्टरनं त्या दिवशी दुपारी केली. रडून डोळे सुजले होते त्याचे. पण रोग्यांना उपाशी परत पाठवणं त्याला बाईनं शिकवलंच नव्हतं.

तेरवीला वर्ध्याच्या घरी मांडव घातला होता. अल्लीपूरहून भावकी आली, रुग्णालयातून सगळे आले, कुठल्या कुठल्या गावांहून अनोळखी माणसं आली आणि 'बाईनं माह्या बापाले पाह्यलं व्हतं' असं सांगून बसून राहिली. नाचणगावहून कमलाबाई आली आणि तिच्याबरोबर मंगला. आता मॅट्रिकला आहे. उंच, दोन वेण्या, जरा लाजरी. वाढप झालं, पंगत बसली. डॉ. काळे माझ्या उजवीकडे, समोरच्या ओळीत मंगला. सगळ्यांची जेवणं उरकत आली, आणि मंगलेची पोळी अर्धीसुद्धा झाली नव्हती. प्रत्येक घास ती लहान करून घ्यायची आणि सावकाश, अगदी सावकाश चावायची. घास उतरला की घोटभर पाणी, मग पुढचा घास. पंगतीतला शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत उठायचं नाही, ही आपल्याकडची रीत. कमलाबाई ओशाळली. "आटप वं मंगले, लोक खोळंबले." मंगला हळूच म्हणाली, "आई, बाईनं सांगतलं हाय नं, घाई करू नोको म्हणून."

"खाऊ द्या तिले," पंगतीच्या टोकाकडून भाऊजी म्हणाले. तेरा दिवसांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा मोठ्यानं ऐकला. "सावकाश खाऊ द्या."

वाढणाऱ्यानं तिच्या ताटात आणखी थोडा भात घातला. तिनं नको म्हटलं नाही. आमचे सगळ्यांचे हात वाळून गेले होते. डॉक्टर काळे, अल्लीपूरची म्हातारी माणसं, ओळखपाळख नसलेले ते लोक, सगळे आपापल्या ताटांसमोर मांडी घालून बसलेले होते. एक पोरगी जेवत होती, आणि उठायची घाई कोणालाच नव्हती.